जन्मदोषाला वयाची अट कशाला?

पन्नाशीतल्या माणसाच्या हृदयात एकाच वेळी दोन-तीन जन्मजात दोष सापडले, अशी बातमी अधूनमधून छापून येते आणि तिच्यामागोमाग तोच वाद पेटतो. काही जण देवाची कृपा आणि डॉक्टरांचा चमत्कार म्हणून हात जोडतात. काही जण विचारतात, इतकी वर्षं एकाही डॉक्टरच्या लक्षात आलं नाही, हा हलगर्जीपणा नाही तर काय? आणि काही जण हिशेब मांडतात: लहान मुलं शस्त्रक्रियेसाठी ताटकळत असताना लाखात एखाद्या प्रौढाच्या आजारावर सरकारने पैसा का घालावा? तिघांचीही एक समजूत समान आहे. जन्मजात हृदयदोष हा लहान मुलांचा आजार, मोठ्यात सापडला तर तो अपवाद, असं सगळेच धरून चालतात. मला ही समजूतच मान्य नाही. हा जन्मभराचा आजार आहे. अठरा वर्षं पूर्ण झाली की त्याची सरकारी दखल जवळजवळ संपते, हे अन्यायाचं तर आहेच, शिवाय वैद्यकीय दृष्ट्याही चूक आहे. महाराष्ट्राच्या प्रत्येक महसुली विभागात किमान एका सरकारी रुग्णालयात अशा प्रौढांसाठी स्वतंत्र ओपीडी असायलाच हवी.

एकापेक्षा जास्त दोष असूनही माणूस चाळीस-पन्नास वर्षं जगतो कसा, हे आधी पाहू. बऱ्याचदा दोषांच्या जोडीनेच त्याला जगवलेलं असतं. लुटेंबाशे या फ्रेंच डॉक्टरने १९१६ साली वर्णन केलेली जोडी घ्या. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, आणि त्याच हृदयात डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद. नुसती झडप अरुंद असती तर रक्त मागे तुंबून फुप्फुसांतला दाब वाढला असता, जिना चढताना धाप लागली असती, रात्री आडवं पडणं मुश्कील झालं असतं. छिद्रामुळे त्या दाबाला वाट मिळते. लुटेंबाशेची रुग्ण ६१ वर्षांची होती आणि तोवर सात वेळा गरोदर राहिलेली होती. आता अशाच एखाद्या बाईच्या टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, छिद्र दिसलं, झडपेकडे कुणी नीट पाहिलं नाही आणि छिद्र तेवढं बुजवून टाकलं, तर काय होईल? दाबाची वाट बंद होऊन फुप्फुसांत पाणी भरेल. छिद्र दिसणं सोपं आहे. ते छिद्र त्या शरीरात काय काम करतं हे ओळखायला सराव लागतो. आणि ही जोडी आपल्या जास्त ओळखीची असायला हवी, कारण झडप अशी आखडण्यामागे आपल्याकडे बहुतेक वेळा ऱ्हुमॅटिक फिव्हर असतो. लहानपणी घसा सुजतो, दाटीवाटीच्या घरात तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो, पेनिसिलिन वेळेवर मिळत नाही, आणि वीस वर्षांनी झडप निकामी होते. एक दोष जन्माने दिलेला, दुसरा गरिबीने.

दुसरं उदाहरण याहून चकवणारं आहे. व्हिएन्नाच्या रोकिटान्स्कीने १८७५ मध्ये नोंदवलेल्या प्रकारात हृदयाचे खालचे दोन्ही कप्पे जागा बदलून बसतात आणि तिथून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्याही. या दोन अदलाबदली एकमेकींना निस्तरतात. अशुद्ध रक्त फुप्फुसांत आणि शुद्ध रक्त अंगभर, जायचं तिथेच जातं. सोबत दुसरं काही नसेल तर मूल निळं पडत नाही. शाळेत जातं, पळतं, पुढे नोकरी-संसार करतं. पण फुप्फुसांपुरता दाब पेलायला घडलेला कप्पा इथे सगळ्या अंगाला रक्त पुरवत असतो, आणि चाळिशी-पन्नाशीत तो थकायला लागतो. विजेचे ठोके वाहून नेणारा मार्गही नाजूक; अशा शंभर जणांतल्या साधारण दोघांना दरवर्षी पूर्ण हार्ट ब्लॉक होतो, म्हणजे वरच्या कप्प्यांतले विजेचे ठोके खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नाहीत. चक्कर येऊन पडलेल्या माणसाला पेसमेकर बसतो, त्याला बरं वाटतं, आणि मुळात रचनाच उलटी आहे हे त्या वेळीही नजरेतून सुटू शकतं. यातल्या कितीतरी जणांना सोबत खालच्या पडद्याला छिद्र असतं, कुणाची फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते, कुणाची झडप गळते. त्यामुळे एकाच नावाच्या आजाराचे दोन रुग्ण सारखे नसतात.

म्हणूनच ‘दुर्मिळ’ हा शब्द इथे दिशाभूल करतो. एकेक जोडी दुर्मिळ आहे, कबूल. पण जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे आठ-नऊ बाळांना हृदयाचा कुठला ना कुठला दोष असतो, आणि देशात दरवर्षी अशी दोन लाखांहून जास्त बाळं जन्माला येतात. शस्त्रक्रियेने वाचलेली, शस्त्रक्रियेविना तगलेली आणि कधी कळलंच नाही अशी सगळी माणसं एकत्र धरली तर तो मोठा समाज होतो. त्यातल्या प्रत्येकाला ‘तुझा आजार विरळा आहे’ असं सांगून परत पाठवायचं, तर मग जायचं कुणी कुठे?

हलगर्जीपणाचा आरोप मला सरसकट मान्य नाही. आज पन्नाशीत असलेली व्यक्ती सत्तरच्या दशकात, बहुधा घरी, सुईणीच्या हातावर जन्मली. टूडी इको जिल्ह्याच्या गावी पोचला तोवर ती मोठी झालेली होती. वरच्या पडद्यातल्या छिद्राचा आवाज इतका हलका असतो की गजबजलेल्या ओपीडीत तो निसटला तर डॉक्टरला दोष देता येत नाही, आणि तिशी-चाळिशीपर्यंत रुग्णाला काही त्रासही नसतो. छिद्र वरच्या महाशिरेच्या, म्हणजे डोक्याकडचं आणि हातांकडचं रक्त हृदयात आणणाऱ्या मोठ्या शिरेच्या, तोंडाशी असलं तर छातीवरून केलेल्या साध्या इकोत मोठ्या माणसात ते बऱ्याचदा दिसतच नाही. या प्रकारात उजव्या फुप्फुसाची एखादी शीरही सहसा चुकीच्या कप्प्यात उघडते; म्हणजे इथेही जोडी. रिपोर्टवर फक्त एवढंच लिहून येतं की हृदयाची उजवी बाजू मोठी झाली आहे. ती का झाली, हा प्रश्न तालुक्याच्या डॉक्टरला पडत नाही असं नाही. पडला तरी रुग्णाला पाठवायचं कुठे, याचं उत्तर त्याच्याकडे नसतं. पाठवला तर नेहमीच्या हृदयरोग ओपीडीत, जिथली रांग ब्लॉकेज आणि अँजिओप्लास्टीची असते. दोष द्यायचाच असेल तर तो या तुटलेल्या वाटेला द्यावा लागेल.

तरीही काही गोष्टी निसटायचं कारण नाही. तिशीच्या आतला तरुण, ब्लडप्रेशर १७०. त्याला गोळी लिहून दिली जाते, मीठ कमी करायला सांगितलं जातं. त्याच टेबलावर त्याला आडवं करून जांघेत दोन बोटं ठेवली आणि दुसऱ्या हाताने मनगटाची नाडी धरली, तर अर्ध्या मिनिटात कळू शकतं: मनगटाचा ठोका जोरदार, जांघेतला मंद आणि किंचित मागून येणारा. महारोहिणी, म्हणजे हृदयातून अंगभर रक्त नेणारी मुख्य रक्तवाहिनी, छातीतच आखडलेली असण्याची ही खूण. अशा बऱ्याच जणांची महारोहिणीची झडपही तीनऐवजी दोन पाकळ्यांची असते. या तपासणीला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. ती सवयीची व्हायला मात्र कुणीतरी वारंवार आठवण करून द्यावी लागते, आणि आठवण करून देणारं केंद्रच आपण उभं केलेलं नाही.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप: मुलं आधी. हा आक्षेप भावनिक नाही, त्यामागे हिशेब आहे. सहा महिन्यांच्या बाळाचं हृदय वेळेत दुरुस्त झालं तर साठ वर्षांचं आयुष्य मिळतं; पंचेचाळिशीत त्याच खर्चात मिळणारी वर्षं कमी. बाळांचं हृदय करणारे सर्जन मोजके, अतिदक्षता विभागातले पलंग त्याहून मोजके. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. अंगणवाड्या आणि सरकारी शाळांमध्ये पथकं जाऊन शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी करतात, त्यात हृदयदोष सापडले की शस्त्रक्रियेपर्यंत नेतात. या कामाने किती घरांत लेकरं वाचली हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना त्याची थोरवी सांगायला नको. या कार्यक्रमाचा एक रुपयाही कमी व्हावा असं मी म्हणणार नाही.

पण याच हिशेबाने पुढे जाऊ. बाळावर केलेला खर्च सार्थकी कधी लागतो? ते पन्नाशी गाठतं तेव्हा. चार दोष एकत्र असलेला फॅलोचा आजार घ्या, ज्यात ओठ-नखं निळी पडतात. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात सर्जन ब्लेलॉक यांनी, बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टाउसिग यांच्या कल्पनेवरून आणि प्रयोगशाळेत ते तंत्र बसवणारे व्हिव्हियन थॉमस पाठीशी उभे असताना, अशा बाळावर पहिली शस्त्रक्रिया केली. पुढच्या दशकात दोष मुळातून दुरुस्त करणं जमू लागलं. पण दुरुस्ती करताना फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंदावावी लागते आणि त्यात तिथली झडप बहुधा गळती राहते. ती गळती मूल वीस-पंचवीस वर्षं विनातक्रार सोसतं. मग उजवा कप्पा ताणला जातो, ठोके अनियमित होतात, काहींचा अचानक मृत्यू होतो. वेळेवर नवी झडप बसवली तर हे टाळता येतं, आणि ती वेळ ठरवायला नियमित तपासणी लागते. तपासणी नेमकी अठराव्या वर्षी थांबवायची म्हणजे धोक्याचा काळ सुरू होताना पाठ फिरवायची. आपण लहानपणी दिलेलं आयुष्य तरुणपणी गमावू देतो. याला काटकसर म्हणत नाहीत.

या तरुणांकडे कागद नसतात, हा तर रोजचा अनुभव. ‘लहानपणी भोक बुजवलंय’ एवढंच सांगता येतं. फाईल घर बदलताना गेली, पावसात भिजली, रुग्णालयाने जुन्या नोंदी काढून टाकल्या. मग डॉक्टरला शरीर वाचावं लागतं. व्रण छातीच्या मधोमध आहे की पाठीकडून बरगडीखाली गेला आहे? ब्लेलॉक पद्धतीच्या जुन्या जोडणीत हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुप्फुसाकडे वळवलेली असते, त्यामुळे त्या बाजूच्या मनगटाची नाडी क्षीण लागते किंवा लागतच नाही. त्या हाताचं ब्लडप्रेशर घेतलं तर ते खोटं कमी दाखवतं. अपघात होऊन हा माणूस बेशुद्ध अवस्थेत आणला गेला आणि नर्सने नेमका तोच हात धरला तर? एका पानाचं कार्ड खिशात असतं तर हा घोळ झाला नसता.

मुळात हा आजार प्रौढांचा नाही ही समजूत इतिहासालाही धरून नाही. माँट्रियलच्या अँड्र्यू होम्स यांनी १८२४ साली ज्या विचित्र हृदयाचं वर्णन छापलं ते विशीतल्या तरुणाचं होतं. तेच हृदय पुढे मॅकगिल विद्यापीठाच्या संग्रहालयात मॉड ॲबट यांच्या हाती लागलं. स्त्री म्हणून त्याच विद्यापीठाने ज्यांना वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश नाकारला होता त्या या बाईंनी १९३६ मध्ये एक हजार रुग्णांच्या नोंदींचा ॲटलास सिद्ध केला आणि या शास्त्राचा पाया घातला. आयझेनमेंगर या डॉक्टरने १८९७ मध्ये वर्णन केलेला रुग्ण बत्तीस वर्षांचा होता. शस्त्रक्रियेपुरतं हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या मदतीने यशस्वी झालेली पहिली शस्त्रक्रिया अमेरिकेतले सर्जन गिबन यांनी मे १९५३ मध्ये केली, वरच्या पडद्यातलं छिद्र बुजवण्याची. ती मुलगी अठरा वर्षांची होती. आणखी एक वाढदिवस झाला असता तर आपल्या नियमात ती बसली नसती.

हे श्रीमंत देशांचे लाड आहेत, असंही म्हटलं जातं. टोरंटोत प्रौढांसाठी दवाखाना १९५९ पासून आहे, लंडनमध्ये जेन सॉमरव्हिल यांनी १९७५ साली स्वतंत्र वॉर्ड उभा केला. त्यांच्याकडे मुलांच्या शस्त्रक्रिया आधी झाल्या म्हणून प्रौढ वाढले, आपल्याकडे ती वेळ अजून आलेली नाही, असा हा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात २०१० मध्ये जन्मजात हृदयदोष असलेल्यांपैकी दोन तृतीयांश लोक प्रौढ होते, आणि हा बालशस्त्रक्रियेच्या यशाचाच परिणाम. पण २०१३ साली पालघरमध्ये तपासणीत सापडलेलं दहा वर्षांचं मूल आज विशी ओलांडून गेलं आहे. म्हणजे ती वेळ आपल्या दारातही आली. शिवाय जन्मभर उपचार लागणाऱ्या रुग्णांची सोय आपल्याला जमत नाही असं कोण म्हणतं? एप्रिल २००४ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत एचआयव्हीला रोखून धरणारी एआरटी औषधं मोफत मिळायला सुरुवात झाली. त्या वेळीही प्रतिबंधावर खर्च करावा, जन्मभर औषधं देणं परवडणार नाही, असे आक्षेप होते. आज त्या केंद्रात जन्मतः लागण झालेलं मूल मोठं होऊन स्वतःच्या पायांनी औषध घ्यायला येतं. त्याला कुणी वाढदिवस विचारत नाही. त्याच्या हातात पुस्तिका असते आणि गाव बदललं तर नवं केंद्र मिळतं. हृदयदोषासाठी याहून वेगळं मी काही मागत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सगळ्या वयांसाठी आहे, मग अडचण काय, असं विचारणाऱ्यांचा मुद्दाही खरा आहे. शस्त्रक्रिया ठरली तर ही योजना घराला कर्जातून वाचवते. पण ती ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजवर चालते. निदानच झालेलं नाही, किंवा ‘आत्ता काही करू नका, दर वर्षी बघत राहा’ हाच योग्य उपचार आहे, अशा माणसाला पॅकेज कुठलं? खासगी विम्याची वाट आणखी अरुंद. विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, आधीपासून असलेल्या ज्या आजारांना ग्राहकाच्या संमतीने कायमचं वगळण्याची मुभा दिली होती त्यांच्या यादीत जन्मजात हृदयदोष होता. जन्माला येताना सोबत आलेल्या गोष्टीसाठी माणसाने संमती द्यायची, ती कशाला? आपल्यावर उपचार होऊ नयेत म्हणून! मला हे वाचून संताप येतो.

सगळ्यांत जास्त किंमत बायका मोजतात. मुलीच्या छातीवरचा व्रण स्थळ बघताना लपवला जातो, लग्नानंतर औषधं आणि तपासण्या बंद होतात, कारण विचारलं तर काय सांगायचं? गरोदरपणात अंगातलं रक्ताचं प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, आणि तोवर निभावून नेलेलं हृदय तिथे पहिल्यांदा अडखळतं. धाप लागते, पाय सुजतात, आणि दोन्ही गोष्टी ‘गरोदरपणात होतंच’ म्हणून सोडून दिल्या जातात. आयझेनमेंगरच्या अवस्थेत, म्हणजे छिद्रामुळे फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या कडक होऊन रक्ताची दिशाच उलटली असेल तर, गरोदरपण आईच्या जिवावर बेततं. जुन्या नोंदींमध्ये अशा मातांचा मृत्युदर तीस ते पन्नास टक्के दिसतो. तिला हे लग्नाआधी, मूल ठरवण्याआधी, घरच्यांच्या गराड्याबाहेर नीट समजावून सांगणारं कुणीतरी हवं. बालहृदयरोगतज्ज्ञ तिला बारा वर्षांची असताना शेवटचा भेटला होता.

एक आक्षेप मला स्वतःलाही सतावतो. अशी केंद्रं निघाली की नको तितक्या तपासण्या, घाबरलेली माणसं आणि बुजवायला नको ती छिद्रं बुजवणं, हे होणारच नाही का? होऊ शकतं. छोटं, निरुपद्रवी छिद्र घेऊन माणूस सत्तरी गाठतो, त्याला कॅथलॅबच्या टेबलावर झोपवणं हा अपराधच. आयझेनमेंगरच्या अवस्थेत छिद्र बुजवणं तर जिवावरचं. पण नको तिथे हात घालण्याचा धोका आज जास्त आहे, कारण आज असा रुग्ण ज्याच्याकडे पहिल्यांदा पोचतो त्याने अशी जोडी कदाचित आयुष्यात एकदाच पाहिलेली असते. ‘याला काही करू नका’ असं ठामपणे म्हणायला शंभर रुग्ण पाहिलेले असावे लागतात. सर्वांची सरसकट तपासणी करा असं मी म्हणत नाही. ज्यांना दोष आहे हे माहीत आहे त्यांना सोडू नका, आणि ज्यांच्याबद्दल शंका आली त्यांना पाठवायला एक पत्ता द्या.

नवी इमारत यासाठी लागत नाही. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांपासून सुरुवात करता येईल: आठवड्यातून एक दिवस, एकाच खोलीत बालहृदयरोगतज्ज्ञ आणि मोठ्यांचा हृदयरोगतज्ज्ञ, महिन्यातून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक मुलाला सतराव्या वर्षी मराठीत एक पुस्तिका द्यावी, त्यात दोष कोणते, काय दुरुस्त केलं, काय राहिलं, कोणत्या हाताचं प्रेशर घ्यायचं नाही हे लिहावं, आणि पुढच्या ओपीडीची तारीख तिथेच ठरवावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची तपासणी होते. त्या दिवशी प्रत्येकीला दोन प्रश्न विचारावेत. लहानपणी हृदयाचं काही सांगितलं होतं का? ओठ कधी निळे पडायचे का? त्याच वेळी छातीवर आणि पाठीवर व्रण आहे का हे बघावं, स्टेथोस्कोप लावावा, आणि शंका आली तर त्या ओपीडीच्या नावाने चिठ्ठी लिहून द्यावी.